मास्तरांनी न मागितलेली रेकॉर्ड

एखादी गोष्ट मनात भरली की मास्तर तिच्याकडे बघणं बंद करायचे. मान वळवून रस्त्यावरच्या एसटीकडे बघत राहायचे, आणि कुणी विचारलंच तर म्हणायचे, "तसं काई नाई, शेठ."

ही खोड मी पहिल्याच दिवशी ओळखली. माझं अर्धं आयुष्य बैलबाजारात गेलं आहे. दलालाच्या हाताखाली पाणी आणण्यापासून सुरुवात केली आणि आज कारंज्यात बसस्टँडच्या मागं माझं जुन्या सामानाचं दुकान आहे. ते मला कुणी आंदण दिलेलं नाही. ज्याला तांबडा बैल हवा असतो, तो शेजारच्या पांढऱ्याचे दात तपासत बसतो. अशी गिऱ्हाइकं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यापासून सावध राहावं लागतं.

मास्तर पहिल्यांदा आले ते कूलरचा पंप घ्यायला. त्या दिवशी मी एका बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीतून उचललेलं सामान लावत होतो. लोखंडाच्या ढिगात मॅनेजरच्या बंगल्यातला एक रेकॉर्ड-प्लेअर आणि एक पत्र्याची पेटीही आली होती. तिच्यात तीसेक जुन्या रेकॉर्डी होत्या, सगळ्या इंग्रजी. प्लेअर चालतो की नाही हे बघायला मी वरचीच एक लावली. पितळी वाद्यांचा असा कल्ला झाला की समोरच्या चहावाल्यानं बाहेर येऊन विचारलं, "कोणाची वरात आली बे?"

मास्तर पंप हातात धरून उभे होते. त्यांनी मान वळवली आणि एसटीकडे बघायला लागले. रेकॉर्ड संपेपर्यंत हलले नाहीत. मग पंप खाली ठेवून म्हणाले, "हा वाजवणारा बंबईचा नाई."

"तुमाले कसं समजलं?"

"आमच्या लायनीतला हाये तो. पण त्याले वरातीची घाई नाई."

तेव्हा कळलं की मास्तर म्हणजे आमच्याच गावच्या बँडमधले क्लॅरिनेटवाले. चाळीस वर्षं लग्नांत वाजवलं. मग पुढचे दात गेले. क्लॅरिनेट दातांवर टेकवून धरावं लागतं, आणि कवळी सुरांच्या मधेच सरकते. एका लग्नात नवरदेवाच्या घोड्यासमोर ती बाहेरच आली, म्हणून त्यांनी वाजवणं सोडलं. ही हकीकत त्यांनीच हसत हसत सांगितली. मी हसलो नाही. हातातलं काम गेलेला माणूस एवढा हसतो म्हणजे त्याला माझ्याकडून काहीतरी काढायचं आहे, असा माझा हिशेब होता.

पंप त्यांनी घेतला नाही. पुढच्या रविवारी मात्र पुन्हा आले.

तिथून आमचा रविवार सुरू झाला. दुपारी बाजार थंडावला की मी शटर अर्धं खाली ओढायचो आणि चार माणसं आत बसायची. मी, मास्तर, शेजारचा मेडिकलवाला आणि गणिताच्या निवृत्त शिक्षिका. बाईंचा मुलगा परदेशात आहे, त्याच्यामुळं त्यांना या संगीताची ओढ लागली. त्याला जॅझ म्हणतात हेही आम्हाला बाईंनीच सांगितलं. प्रत्येकानं आठवड्याला एक चीज आणायची, मग ती मोबाइलवरची असो की माझ्या पेटीतली, आणि चीज संपेपर्यंत वाजवणाऱ्याचं नाव सांगायचं नाही, असा रिवाज पडला. तो मास्तरांनी पाडला. "नाव आयकलं की कान झोपते," ते म्हणायचे.

मला तेही खटकलं. मालाचं नाव लपवणारा माणूस कुठल्या बाजारात सरळ असतो?

पण ऐकायला मजा यायची, हे खोटं कशाला सांगू? बाईंना पियानोवाले आवडत. एखादा थांबत थांबत वाजवायला लागला की त्या म्हणायच्या, "बघा, मधल्या पायऱ्या गाळून थेट उत्तर लिहितोय." मेडिकलवाला सॅक्सोफोनवर खूश. त्याचा एक आवडता वादक इतका संथ वाजवायचा की मी म्हणालो, "हा झोपेच्या गोळ्या तुह्याच दुकानातून नेते का रे?" मला कर्णा, म्हणजे ट्रम्पेट आवडायचा, त्यातही त्याच्या तोंडाला बूच लावून वाजवलेला. त्यातून आवाज असा येतो की माणूस चिडला आहे आणि दुसऱ्याच्या घरात असल्यानं ओरडता येत नाही.

मास्तरांचे शेरे मात्र सगळ्यांत नेमके. ढोलावर तारेच्या झाडूनं हलकं वाजवायची त्या लोकांची एक पद्धत आहे. ते आलं की मास्तर पुटपुटायचे, "ज्वारी पाखडून राह्यला." एका गाणारणीबद्दल म्हणाले, "बाईनं नवरा सोडला, पण त्याचं जेवण झाकून ठेवलं." बाई खळखळून हसल्या आणि मग त्यांनी तीच चीज पुन्हा लावायला सांगितली.

आणि त्यांची बोटं. रेकॉर्ड सुरू झाली की छत्रीच्या दांड्यावर दहाही बोटं चालायला लागायची. बैलबाजारात उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव सांगतात. त्या कामात मुरलेला माणूस मी, माझी नजर त्यांच्या बोटांवरून हटत नसे. एकदा मी बोललोच, "मास्तर, कोणाले इशारे करून राह्यले?"

"तसं काई नाई, शेठ. त्याच्यासंगं वाजवून राह्यलो."

पेटीत एक रेकॉर्ड होती जिच्यावरचा कागद ओलीनं गळून गेला होता. नाव नाही, गाव नाही. संथ क्लॅरिनेट, मागं ती ज्वारी पाखडणं, आणि मधेच एका ठिकाणी वाजवणाऱ्यांच्या खोलीतला कुणीतरी हळूच "हां" म्हणतो. बस, एवढंच. मेडिकलवाल्यानं गाणं ओळखणारं मोबाइलमधलं काहीतरी तिच्यापुढं धरलं. त्यानं हात टेकले. बाईंनी मुलाकरवी परदेशातल्या शौकिनांना ऐकवली. पाच जणांनी पाच नावं कळवली, एकही जुळलं नाही.

ती पहिल्यांदा लागली तेव्हा मास्तरांची बोटं थांबली. छत्री मांडीवर आडवी पडून राहिली आणि ते शटरखालून रस्त्याकडे बघत राहिले. 

मी मनात म्हटलं, सापडला. या माणसाला नाव माहीत आहे. ही रेकॉर्ड भारी असणार.

"कोण हाये हा, मास्तर?"

"मले काय मालूम?"

"तुमाले पायजे का ही?"

"तसं काई नाई, शेठ."

त्याच आठवड्यात नागपूरचा एक माणूस दुकानात आला आणि जुन्या रेकॉर्डी आहेत का म्हणून विचारू लागला. कुणी पाठवलं म्हटल्यावर त्यानं मास्तरांचं नाव सांगितलं. माझं डोकं फिरलं. त्याला तसाच परत लावला, आणि रविवारी मास्तर आत येऊन स्टुलावर टेकताच सगळ्यांसमोर मी सुरू झालो.

"माह्या घरात बसून माह्याच मालाचा सौदा करता काय? किती दिवस झाले हे चालू हाये?"

"अवो, तुमचा माल खपावा म्हून पाठवला मी त्याले. त्या बाकीच्या रेकॉर्डी नुसत्या धूळ खाऊन राह्यल्या."

"बाकीच्या? म्हणजे कोणती सोडून बाकीच्या?"

मास्तरांनी मान रस्त्याकडे वळवली.

"उठा. निघा इथून."

मास्तर उठले. बसायचं स्टूल उचलून भिंतीशी जिथल्या तिथं ठेवलं, छत्री घेतली आणि वाकून शटरखालून गेले. बाई माझ्यावर संतापल्या. पुढच्या रविवारी बरोबर तीनला मास्तर हजर. "आज काय लावता?" म्हणाले, जसं काही झालंच नाही. इतका अपमान गिळून जो परत येतो, त्याचा मतलब केवढा मोठा असेल, तुम्हीच सांगा.

मग मी माझं हत्यार काढलं. ती बिननावाची रेकॉर्ड लोखंडी कपाटात टाकून कुलूप लावलं. ठरवलं की आता आपण विषय काढायचा नाही. ज्याला गरज असेल तो मागेल, आणि मागताना त्याच्या तोंडून सगळं बाहेर पडेल. बाजारात मी कितीएकांना असं गप्प बसून वाकवलं आहे.

मास्तर वाकेनात. पावसाळा गेला, सोयाबीन घरात आलं, तुरी उभ्या राहिल्या. दर रविवारी ते यायचे, आणलेलं ऐकायचे, शेरे मारायचे, जायचे. कपाटाकडे एकदाही बघायचे नाहीत. मी मनात म्हणायचो, बघत नाही म्हणजे नजर तिथंच आहे.

एकदा मेडिकलवाल्यानं विचारलं, "शेठ, ते बिननावाची कुठी गेली? बरेच दिवस झाले."

मी मास्तरांकडे पाहिलं. ते छत्रीची काडी सरळ करत होते. म्हणाले, "लावतीन कधी तरी."

आणि मग मास्तर येईनासे झाले. पहिला रविवार गेला, दुसरा गेला. बाई म्हणाल्या, चौकशी करायला हवी. मी त्यांना थांबवलं. हा डावही माझ्या ओळखीचा होता. सौदा अडला की पक्कं गिऱ्हाईक उठून चालू लागतं, पाठमोरं, सावकाश, मागून हाक येईल या हिशेबानं. जो हाक मारतो तो हरतो. मी म्हटलं, "बसा बाई. येतीन पाय दुखले की." तिसऱ्या रविवारीही मी हाक मारली नाही, आणि मनातून खूश होतो की म्हाताऱ्याला बरोबर ओळखलं.

त्यानंतरच्या मंगळवारी मेडिकलवाला माझ्या दुकानात आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "मास्तर गेले, शेठ. पोरीनं अकोल्याच्या दवाखान्यात नेलं होतं. महिनाभर तिथंच होते."

मी त्याच्यावरच ओरडलो. तू औषधं विकतोस आणि तुला ठाऊक नाही? तो म्हणाला, औषधं तिकडूनच घेत होते. खरं होतं ते. तरी मी ओरडत राहिलो.

चार दिवसांनी ती रेकॉर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून मी मास्तरांच्या घरी गेलो. घर बँडच्या दुकानामागच्या गल्लीत. वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. मी पुडकं पुढं केलं. "हे मास्तरासाठी आणलं होतं," म्हणालो. याहून शहाणं काही सुचलं नाही.

त्यांनी कागद उघडून मधला कोरा गोल पाहिला. "हेच होय का ते बिननावाची?"

मी चमकलो. "तुमाले कसं मालूम?"

"कसं म्हंजे? दर रईवारी घरी आले की सांगत. आज बी नाई लावली म्हणे शेठनं."

माझा पारा चढला. सुतकाचं घर, समोर बाईमाणूस, तरी आवाज चढलाच. "मंग मागाची नोती काय? सहा महिने माह्यासमोर बसले! एकडाव तोंड उघडलं असतं तं काय झालं असतं?"

वहिनी दचकल्या नाहीत. माझा स्वभाव त्यांच्या घरी पोचलेला होता.

"मी बी हेच म्हणत होती, भाऊ. काहून मागत नाई म्हणलं. तं ते म्हणत, मागितली तं शेठ भाव सांगन. मी देईन बी. मंग ते माही होईन, आन मले घरी आणून एकट्याले आयका लागन. शेठनं आपल्या मनानं लावली, तं आमी चौघं आयकू."

मला त्यांच्या नवऱ्याचा इतका राग आला की मी उभाच राहिलो. अख्ख्या जिल्ह्यात माझ्याशी असा सौदा कुणी केला नव्हता. तो चालू आहे हेही मला कळू दिलं नाही. हा राग अजून गेलेला नाही आणि तो मी सोडणारही नाही. माणसानं मागावं. मागायला तोंड दिलेलं असतं.

रेकॉर्ड तिथंच ठेवून निघालो, तर वहिनींनी ती परत माझ्या हातात दिली. "इथी वाजवाले काय हाये? रईवारी लावजा तुमी. मले तेरवीपर्यंत बाहेर निघता येत नाई. फोनवर आयकवसान."

क्षणभर मनात आलंच की ही बाई तिकडं फोनमध्ये भरून घेणार आणि कुणाला तरी देणार. सवयच तशी आहे.

रविवारी तीनला शटर ओढलं. मेडिकलवाला होता, बाई होत्या. मी वहिनींना फोन लावला आणि मोबाइल स्पीकरसमोर धरून उभा राहिलो. क्लॅरिनेट सुरू झालं. खोलीतला तो माणूस "हां" म्हणाला तेव्हा बाईंनी चष्मा काढला. हात भरून आला तरी मी तो खाली घेतला नाही.

संपल्यावर फोन कानाला लावला.  

"वहिनी?"

"हेच होय?" त्या म्हणाल्या. "याच्यासाठी?"

"हो."

 मागं त्यांच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं.

"बरं," त्या म्हणाल्या, "अजून एकडाव लावा. आतापावतर इथी लेक बोलत होती, नीट आयकू नाई आलं."