मोठ्या बाईंची हाक

आमच्या मोठ्या जाऊबाईंना जगातली कोणतीही गोष्ट हळू सांगता येत नाही. मुकुटबनला ओट्यावरून त्यांची हाक सुटली, की नाल्यापलीकडे आमच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाया शिदोऱ्या सोडतात. मोबाइल त्यांना अपमान वाटतो. "डबड्यात तोंड घालून बोलाले मी का चोरी करून राह्यली?" असं त्या विचारतात, तेही चार घरं पलीकडे ऐकू जाईल असं.

पाळी गेली तशी बाईंच्या अंगाची आग सुरू झाली. ऐन थंडीत त्या कूलर लावून बसत आणि त्यांचे यजमान, आमचे भाऊजी, शेजारी कानटोपी घालून जेवत. वणीच्या डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या, आग थांबली. भाऊजींना कळू नये म्हणून गोळ्या तुरीच्या डाळीच्या डब्यात राहू लागल्या. गावभरच्या बाळंतपणांची जाहीर चर्चा करणाऱ्या बाईंना एवढ्याच गोष्टीची लाज होती.

काही महिन्यांनी त्यांना धाप लागू लागली, छातीत शिट्टी वाजू लागली. समोरच्या खोलीत भाव वाढायची वाट पाहत कापूस आढ्यापर्यंत भरलेला होता. सगळ्यांनी त्यालाच दोषी धरलं. भाऊजींनी तो पडत्या भावात विकून टाकला. कापूस गेला, शिट्टी राहिली. हाक तर ओट्याखाली उतरेना, आणि त्या शांततेची मला खरंच भीती वाटली.

छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?" भाऊजींकडे बघत बाई म्हणाल्या, "नाई." मी तोंड उघडणार तोच मला चिमटा बसला. मग मी भाऊजींना बाहेर बसवून आले आणि बाई जन्मात पहिल्यांदा कुजबुजल्या. ती कुजबूज बाहेरच्या बाकापर्यंत पोचली. दार ढकलून भाऊजी म्हणाले, "डाळीतल्या गोळ्या ना? मले माहीत हायेत. तू लपवल्या, मंग मी कायले विचारू?"

डॉक्टरांनी सांगितलं की या गोळ्यांनी सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, पण काहींचा दमा उठू शकतो. मनानं काही बंद करू नका. डॉक्टरीणबाईंशी बोलून त्यांनी त्या तूर्त थांबवल्या आणि छातीसाठी पंप दिला. कूलर परत आला, कानटोपीही आली.

परवा मी शेतात होते. ओट्यावर बाई तोंडाशी हात धरून उभ्या दिसल्या. ऐकू काहीच आलं नाही. मीच ओरडले, "आली वो बाई!"

घरी गेल्यावर त्यांनी विचारलं, "आयकू आलं का वं?"

"साफ आलं."

"खोटारडी," त्या म्हणाल्या. मी अगदी जवळ उभी होते, म्हणून तेवढं ऐकू आलं.