क्लॅरिसचा उजवा गाल

मरोळ गावात मसाला कुटणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण उखळ गाजवावं ते क्लॅरिसनंच. एप्रिल लागला की तिथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत, वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवायच्या बाटली मसाल्याची गडबड. मिरच्या, धणे, तीळ, सगळं खापरीवर भाजून लाकडी उखळात घालायचं आणि तिघी-चौघींची मुसळं पाळीपाळीनं पडायची. ती एकमेकांवर आपटू नयेत म्हणून गाणं लागायचं. एकीनं सुरू करायचं, बाकीच्यांनी पुढं न्यायचं. सुरू करणारी क्लॅरिस. आवाज असा खणखणीत, की ओट्यावर सासरा बसलाय का फादर, बाई कुणाला भीक घालायची नाही.

त्यांच्या आळीचा एक रिवाज होता. एखाद्या घराशी भांडण असलं, तरी त्यांचा मसाला कुटायला जायचंच. पण तिथं गायचं नाही. तोंड मिटून कुटलं की समजायचं, हिच्या पोटात राग आहे.

आणि चोपन्न साली क्लॅरिसनं थोरल्या जावेच्या, ॲग्नेसबायच्या अंगणात तोंड मिटून मसाला कुटला!

झालं, ॲग्नेसबायचं डोकं फिरलं. आता खरं सांगायचं तर राग-बिग काही नव्हता. तोंड उघडलं की क्लॅरिसच्या उजव्या गालात वीज कडाडायची, कानापासून थेट हनुवटीपर्यंत. क्षणभर थांबायची आणि पुन्हा यायची. घास चावला, वारा लागला, पदराचं टोक नुसतं घासलं तरी तेच. ज्युलियस, तिचा नवरा, झोपेतसुद्धा तिच्या तोंडाला हात लागू नये म्हणून भिंतीकडे सरकून झोपायचा.

"दाढ दुखते," एवढंच तिनं जावेला सांगितलं. स्टेशनाजवळच्या दातांच्या डॉक्टरनं दाढ काढली. दुखणं तसंच. मग त्यानं शेजारची काढली. चांगल्या धडधाकट दाढा हो, नुसत्या उपटून टाकल्या! तरी क्लॅरिस गाईना, तेव्हा ॲग्नेसबायची खात्रीच पटली.

"दाढच नाय राहिली, तर दुखतंय काय तिचं? नाटकं सगळी," ती शेजारणींना म्हणाली, आणि तिनं बोलणं टाकलं. दोघींच्या घरांमध्ये एक भिंत, पण तीन वर्षं शब्द नाही. समजूत काढायला चार वाक्यं बोलायला हवीत, आणि क्लॅरिसला एका वाक्याला घाम फुटायचा. शिवाय ताठाही काही कमी नव्हता. मीच का जाऊ, असं तिलाही वाटायचं. आतून मात्र ती जळत होती, कारण लग्न होऊन आल्यावर मुसळ हातात धरायला तिला ॲग्नेसबायनंच शिकवलं होतं.

शेवटी ज्युलियसनं तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथले सर्जन डॉ. शरच्चंद्र वागळे. त्यांनी मानेतल्या रक्तवाहिनीत औषध सोडून डोक्याचे फोटो काढले आणि दोघांना समोर बसवलं.

"दाढांचा काही दोष नाही. कानाच्या मागे, आत, रक्तवाहिन्यांचा एक गुंता आहे. जन्मापासूनचा. तो चेहऱ्याच्या नसेवर दाबतोय."

"काढा मग," ज्युलियस म्हणाला.

"त्याला हात लावला तर रक्त आवरायचं नाही. नस कापता येईल. दुखणं जाईल, पण गाल कायमचा बधिर. आणि डोळाही. डोळ्यात कचरा गेला तरी कळणार नाही आणि बुबुळ नासेल. तुम्ही काम काय करता?"

"मिरच्या कुटते," क्लॅरिस म्हणाली, गाल धरून.

डॉक्टरांनी फोटो पुन्हा उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, "डोळ्याचे धागे त्या नसेत एका बाजूला असतात. ते राखून बाकीचे कापायचा प्रयत्न करतो. पण मग थोडं दुखणं मागं राहू शकतं."

ज्युलियस घाबरून तिच्याकडे बघू लागला. क्लॅरिसनं मात्र क्षणाचाही विचार केला नाही. कुठलं सोसायचं आणि कुठलं नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"डोळा राखा. राहिलं थोडं दुखणं, तर त्याच्याकडे मी बघून घेईन."

ऑपरेशनच्या सकाळी इस्पितळाकडे निघताना ज्युलियस ॲग्नेसबायच्या दारात उभा राहिला आणि सगळं घडाघडा बोलून मोकळा झाला.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी कापसाची बारीक वात क्लॅरिसच्या उजव्या डोळ्याला लावली. पापणी फटकन मिटली, पाणी आलं. डॉक्टर स्वतःच खूश झाले. मग त्यांनी गालाला टाचणी लावली. तिला काहीच कळलं नाही.

संध्याकाळी ॲग्नेसबाय आली. पट्ट्यांत गुंडाळलेलं ते डोकं बघून तिला रडू आवरेना. तिनं हात पुढं केला आणि क्लॅरिसच्या उजव्या गालावर ठेवला.

"बाय, नको, तिथं नको!" ज्युलियस धावला.

क्लॅरिसनं त्याला हातानंच थांबवलं. मग बोलली, सावकाश, मोकळ्या तोंडानं, आणि वीज आली नाही.

"राहू दे गं बाय. तुझा हात मला कळत नाय. पण राहू दे."

ॲग्नेसबायनं हात काढला नाही.