वायर काढली तरी काटा चढलेलाच

इथले भुताखेतांचे अनुभव मी संध्याकाळच्या चहाबरोबर वाचतो आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसतो. माफ करा, पण धंदाच तसा आहे. मी आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकवतो. ‘गाडीला भूत लागत नाही, गाडीला कचरा लागतो’ — हे माझं पहिल्या तासाचं वाक्य. गेल्या मे महिन्यापासून ते म्हणताना जीभ अडखळते, म्हणून लिहायला बसलो...

आमचा तांडा कळमनुरी तालुक्यात, डोंगरकडा गावाजवळ. घरी आम्ही गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतो, पण इथे सगळ्यांना कळावं म्हणून बोलणं मराठीतच लिहितो. बा, म्हणजे माझा बाप, पंचाहत्तरीचा. त्याची जीपही जवळपास त्याच्याच वयाची. पेट्रोलची, कापडी टपाची, डॅशबोर्डच्या मधोमध मीटर असलेली. तांड्यातली बाळंतीण असो की नवरदेव, बानं याच जीपमधून नेलेलं.

बाचा एक नियम होता. वाटेत थांबलं की आधी जीपच्या रेडिएटरमध्ये पाणी, मग माणसानं प्यायचं. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. तहानलेल्या बैलासमोर माणसानं घोट घेणं म्हणजे पाप. बैल गेले, जीप आली, नियम मात्र तसाच राहिला. मी त्यावरून त्याची भरपूर टिंगल केलेली आहे.

त्या दिवशी आम्ही दोघंच निघालो होतो. शिरड शहापूरजवळच्या तांड्यावर माझी बहीण दिलेली आहे. तिच्या मुलाची वरात दुसऱ्या दिवशी याच जीपमधून काढायची, असा बाचा शब्द होता. निघायला अकरा वाजले. ऊन असं, की स्टिअरिंगला फडकं गुंडाळावं लागलं.

वसमतच्या अलीकडे तापमानाचा काटा चढायला लागला. मधल्या खुणेवरून सरकत थेट लाल पट्ट्यात! मी गाडी बाजूला घेतली. वाफ नाही, वास नाही. पंख्याचा पट्टा ताणलेला. थोडं थांबून, फडकं धरून रेडिएटरचं झाकण सैल केलं तर पाणी काठोकाठ.

“पानी लागून राहिलं का तिला?” बानं विचारलं.

“नाही, भरलेलं आहे.”

“बरं,” म्हणाला आणि हातातला पाण्याचा कॅन त्यानं खाली ठेवला.

हे मला आत्ता आठवतंय. तेव्हा माझं लक्ष फक्त काट्याकडे होतं.

वसमत सोडलं आणि काटा पुन्हा लाल. आता मात्र माझं डोकं फिरलं. शिकवणाऱ्याचीच गाडी रस्त्यात अडली, तर दिव्याखाली अंधार म्हणतात तसलं! एका बाभळीखाली जीप उभी केली. सावली तेवढीशीच होती. इंजिन लवकर निवावं म्हणून मी बॉनेट बरोबर सावलीत घेतलं. बसायची जागा उन्हातच राहिली. बा जागचा हलला नाही, आणि मीही त्याला ‘उतर’ म्हणालो नाही.

पुन्हा पाणी बघितलं. भरलेलं. बानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा ‘नको’ म्हणालो, जरा खेकसूनच. या मीटरला इंजिनवरच्या सेन्सरपासून एक वायर येते. सेन्सर बिघडला किंवा वायर कुठं पत्र्याला घासली, तर काटा खोटाच चढतो. साधी गोष्ट. माझ्याजवळ जादा सेन्सर होता, तो बदलला. काटा तिथंच. मग सरळ मीटरच्या मागे हात घालून वायरच काढून टाकली. आता काटा थंडच्या खुणेवर पडायलाच हवा. मी चावी फिरवली.

काटा उठला आणि लाल पट्ट्यात जाऊन उभा राहिला.

चावी बंद केली, चालू केली. पुन्हा तेच... मीटरच आतून गेलं असेल, असं मोठ्यानं म्हणालो. पण मनाला चैन पडेना. एकदा बॉनेटपाशी, एकदा डॅशबोर्डपाशी, अर्धा तास नुसत्या येरझाऱ्या. चावी चालूच होती.

बांधावर एक बाई शेळ्या घेऊन बसली होती. ती उठून आली.

“भाऊ, त्या गाडीचं मरू द्या. ते बाबा काहून असे झुलून राहिले?”

मी तेव्हा रेडिएटरला उलटा हात लावून बघत होतो. हात ठेवता येत होता, इतकं ते निवलं होतं. तसाच गेलो आणि तोच उलटा हात बाच्या कपाळाला लावला. रेडिएटर हाताला सोसत होता. बाचं कपाळ सोसवेना. घामाचा टिपूस नाही, ओठ पांढरेफटक, डोळे अर्धवट मिटलेले. मेकॅनिक म्हणे! तापलेलं माणूस हातभर अंतरावर बसलं होतं आणि मी लोखंडाचा ताप मोजत होतो.

कॅनमधलं निम्मं पाणी मी त्याच्या डोक्यावर ओतलं. बाईनं आपली कळशी आणली, ओलं फडकं मानेवर ठेवलं. पण पेला तोंडाला लावला की बा दात घट्ट मिटून घ्यायचा.

“बा, पी रे... पाया पडतो तुझ्या.”

“आदी... तिला पाज.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. निघाल्यापासून जीपला पाणी लागलं नव्हतं, म्हणून निघाल्यापासून बा प्यायला नव्हता.

मी धावत पुढे गेलो, झाकण काढलं आणि भरलेल्या रेडिएटरमध्ये कळशी उपडी केली. पाणी सगळं खाली मातीत गेलं. “पाजलं, बा! बघ, पाजलं!” मी ओरडलो. बाई कॅनमधलं उरलेलं पाणी पेल्यात घेऊन उभीच होती. बानं तोंड उघडलं.

तो एकेक घोट घेत होता आणि त्याच्या खांद्यावरून मला मीटर दिसत होतं. घोटागणिक काटा खाली येत होता. मध्येच बाला ठसका लागला, पिणं थांबलं, तर काटाही थांबला. पुन्हा प्यायला, पुन्हा उतरला. थंडच्या खुणेपाशी आला आणि मग हलला नाही.

जीप एका फटक्यात चालू झाली. त्या बाईचं नावही विचारलं नाही. वसमतच्या दवाखान्यापर्यंत ती काढलेली वायर माझ्या गुडघ्यावर लोंबत होती. “ऊन लागलंय. अजून बसवून ठेवलं असतं तर हाती लागले नसते,” डॉक्टर म्हणाले. बा दोन दिवसांनी घरी आला. वरात दुसऱ्या गाडीतून निघाली, त्याचा राग अजून आहे त्याला.

नंतर मीटर खोलून ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला दाखवलं. त्यानं बॅटरी लावून तपासलं. आतून ठणठणीत. वायरीशिवाय काटा तसूभरही हलत नाही, हे त्यानं मला, म्हणजे मास्तरला, समजावून सांगितलं.

मीटर परत बसवलं, पण वायर जोडायला हात धजावत नाही. टोकाला टेप गुंडाळून ठेवली आहे. मागच्या आठवड्यात बाला घेऊन कळमनुरीला निघालो. काटा थंडच्या खुणेवर मेल्यासारखा पडून होता, तरी माझी नजर रस्त्यावर ठरेना. शेवटी गाडी थांबवली आणि त्याच्या कपाळाला उलटा हात लावला.

“काहून रे?” बा म्हणाला. “म्या काय रेडिएटर हाय व्हय?”

मंडळी, खुलासा विचारू नका. असता तर वर्गात फळ्यावर काढून दाखवला असता. मी खाली उतरलो, झाकण उघडलं आणि भरलेल्या रेडिएटरमध्ये पेलाभर पाणी ओतलं. ते वाहून गेलं. मग दुसरा पेला बाच्या हातात दिला आणि तो रिकामा होईपर्यंत तिथंच उभा राहिलो.