मोडीतले बिल्ले

लग्न होऊन मी काळेवाडीला आले तेव्हा घरात दोन बायका होत्या. एक पांढऱ्या कपाळाची, ती माझी सासू. दुसरी रुपयाएवढं ठसठशीत कुंकू लावणारी, ती माझी थोरली जाऊ. तिला मी अक्का म्हणायचे. अक्काचा नवरा, म्हणजे माझा थोरला दीर, लढाईत ब्रह्मदेशाच्या जंगलात बेपत्ता झाला होता. तशी तार आली होती म्हणे. लढाई संपली, पलटणी परत आल्या, इंग्रज गेला, तरी हा माणूस आला नाही आणि तो मेला असंही कुणी सांगितलं नाही. अक्का आपली रोज कुंकू लावत होती.

सासू सकाळी उठली की आधी अक्काच्या कपाळाकडं बघायची, मग चुलीकडं. मी चाकणच्या बाजूची, जीभ पहिल्यापासून तिखट. एकदा न राहवून म्हणाले, "आत्याबाई, माझ्या बी कपाळाला कुंकू हाय. कवातरी इकडं बी बघत जावा."

"तुझा दादला रोज सांजला घरी येतो," ती म्हणाली. "तुझ्याकडं कशापायी बघू?"

 माझा नवरा पिंपरीच्या नव्या औषधांच्या कारखान्यात लागला होता. शिफ्ट सुटली की सायकल खांद्यावर घेऊन पवना नदी पायी ओलांडायचा आणि घरी यायचा. खरं होतं तिचं.

अक्काचं वय असं काय होतं? फार तर अठ्ठावीस-तीस. आमच्यात नवरा मेलेल्या बाईचा पाट लागतो, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी तिचा भाऊ तसा विचार घेऊन आला होता. चाकणकडचा बिजवर, बागायती जमीन, माणूस निर्व्यसनी. सासूनं त्याला अंगणातच अडवलं. "माझा लेक जित्ता असताना त्याच्या बायकूला न्ह्याला आलास?" आणि हे ऐकून अक्काही भावावर धावून गेली होती. हे तिनंच मला सांगितलं. "म्या त्याला म्हनलं, माझं कुंकू पुसाया आलास व्हय रं? परत ह्या उंबऱ्याला पाय लावू नगंस." भाऊ पाणीही न पिता गेला, तो पुन्हा भाऊबीजेलाही आला नाही. हे सांगताना तिच्या आवाजात मोठा अभिमान असायचा.

त्या उन्हाळ्यात आमची पितळेची घागर चिरली. ती मोडीत देऊन दुसरी घ्यावी म्हणून मी आणि अक्का नदी ओलांडून पिंपरीच्या कॅम्पात गेलो. फाळणीत आलेली सिंधी माणसं तिथं बराकीत राहायची. त्यातल्या एका म्हाताऱ्याचं जुन्या भांड्यांचं दुकान होतं. नवऱ्याच्या सदऱ्याला बटणं हवी होती, म्हणून मी त्याला विचारलं. त्यानं एक मोठा डबा आमच्यापुढं गोणपाटावर पालथा केला. लढाईनंतर लष्कराचं भंगार निघालं त्यातली बटणं होती ती, पण बटणांबरोबर आणखी बरंच बाहेर पडलं. टोपीवरचे बिल्ले, खांद्यावरची पितळी अक्षरं, आणि एका चिंधीत गुंडाळलेले दोन पदक-बिल्ले, एक तारा आणि एक गोल.

"हे नका घेऊ, बाई. यावर नाव आहे," म्हातारा म्हणाला. "नाववाली चीज मी गाळायला देत नाही. कोणी शोधत येईल कधी."

अक्कानं तारा हातात घेतला होता. मागं बारीक इंग्रजी अक्षरं होती. तिला तर अक्षरओळखच नव्हती आणि मला इंग्रजी येत नव्हतं. ती म्हाताऱ्याला म्हणाली, "बाबा, आजच्या दिवस देता का? भावजींस्नी वाचाया लावते. उद्या आणून देते." बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय. लष्कराचं काही दिसलं की तिचं असंच व्हायचं. रस्त्यानं लष्करी गाडी गेली तरी ती धूळ खाली बसेपर्यंत बघत उभी राहायची. म्हाताऱ्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि दोन्ही बिल्ले देऊन टाकले.

संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं तारा उंबऱ्यातल्या उजेडात धरला आणि मागची अक्षरं दोनदा वाचली. शाळेत असताना तोच भावाला पत्रं लिहायचा. पत्त्यावर घालायचा भावाचा पलटणीतला नंबर त्याला तोंडपाठ होता. तोच नंबर ताऱ्यावर होता. पुढं भावाचं नाव होतं, आणि आमचं आडनाव.

"दादाचे हायती," तो म्हणाला.

त्या वेळी सासू शेरडाला पाणी पाजत होती. बादली तिथंच टाकून ती गोठ्यात गेली आणि जेवायलाही बाहेर आली नाही. आम्हाला वाटलं, म्हातारीला सुख सोसलं नाही.

कारण आम्हाला ते सुखच वाटलं होतं. वाडीत पेन्शनीत निघालेले दोघे-तिघे शिपाई होते. दसऱ्याला सोनं लुटायला निघताना ते कोटावर असेच बिल्ले लावायचे. बिल्ला म्हणजे शिपायाच्या छातीवर सरकारनं लावायचा, आणि छातीवर लावायचा तर शिपाई जिवंत पाहिजे. याच्यापलीकडं आमची अक्कल गेली नाही. अक्कानं पुढचा सगळा हिशेब मांडून टाकला. बिल्ले मिळाले म्हणजे माणूस लढाईतून सुटला. ते पिंपरीत विकले गेले म्हणजे तो पिंपरीपर्यंत आला. घरी आला नाही, म्हणजे काहीतरी तसंच कारण असणार. पाय गेला असेल. तोंड भाजलं असेल. बायकोसमोर यायची लाज वाटत असेल.

"पाय नसला म्हनून काय झालं?" ती मला म्हणायची. "म्या पाठुंगळी घिऊन येईन."

मला तिची भीती वाटायला लागली. म्हाताऱ्याला तर आठवेना. बिल्ले बरीच वर्षं डब्यात होते, कुणी दिले ते डोक्यात नाही, आठवलं की सांगतो, म्हणाला. अक्काला तेवढा दम कुठला? शेतातलं काम टाकून ती कॅम्पात जायची, बराकीबराकीतून विचारत फिरायची, लंगडा माणूस दिसला की त्याच्या मागं चालत राहायची. कासारवाडीच्या स्टेशनात उभी राहून गाडीतून उतरणाऱ्या कामगारांची तोंडं बघायची. एकदा एका दाढीवाल्या माणसाचा तिनं हात धरला. तो घाबरून ओरडला, माणसं जमली. मी मधे पडले, हातापाया पडून तिला सोडवून आणलं. रस्ताभर ती म्हणत होती, "डोळे तसंच हुते गं, धाकटे."

सासू मात्र तिला घालूनपाडून बोलत होती. "नगं धुंडूस. यायचा तवा यील. बिल्ले दिऊन टाक त्या सिंध्याचे." मी चिडले. स्वतःच्या लेकाचा माग लागलाय आणि ही बाई पाय ओढते! मी तोंडावर म्हणाले, "आत्याबाई, तुमचं काळीज दगडाचं हाय." ती उठून गोठ्यात निघून गेली. एरवी ती माझी एक गोष्ट खाली पडू द्यायची नाही.

शेवटी म्हाताऱ्याला आठवलं. बिल्ले कुणा पुरुषानं आणलेच नव्हते. कासारवाडीच्या रुळांपलीकडं एक कासारीण राहायची, गावोगाव बांगड्या भरत हिंडायची आणि बदल्यात जुनं पितळ-तांबं मोडीत घ्यायची. तिच्या मोडीतून ते आले होते. ते ऐकून अक्काचा चेहरा असा उजळला की काय सांगू! म्हणजे त्यांनी ते कासारणीला दिले. कासारीण सांगेल कुठं दिले. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. पेटीतून दोन हिरव्या बांगड्या काढून घातल्या. सोनेरी टिकल्या असलेल्या, एका संक्रांतीला सासूनं हौसेनं भरून दिलेल्या चुड्यातल्या त्या शेवटच्या दोन. सासूची हौस म्हणजे नवलच, म्हणून अक्कानं ते मला मागंच सांगितलं होतं. "आज भेटलंच तर," ती म्हणाली आणि लाजली. नऊवारीत, भर उन्हात, ती लाजलेली मला अजून दिसते.

कासारणीचे गुडघे गेले होते, ती ओट्यावर बसूनच होती. अक्कानं पदराच्या गाठीतून बिल्ले काढून तिच्यापुढं ठेवले. कासारणीनं ते उलटसुलट केले आणि हसली.

"अगं, हे तुमच्याच घरचं की. तुझ्या सासूनं दिल्यालं. म्या म्हनलं, म्हातारे, ही चांदी न्हाई, ह्येचं काय येनार? तर म्हनली, येईल तेवढं येऊ दे, पन माझ्या सुनंला चांगला चुडा भर." मग तिनं अक्काचं मनगट धरलं. "ह्यो बघ, माझ्याच हातचा. लई मऊ हात हुता तुझा, येक बी फुटली न्हाई."

 काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. पण हा कळसा नव्हता.  अक्कानं बिल्ले उचलले, कासारणीला नमस्कार केला आणि चालू लागली. पवनेत गुडघाभर पाणी होतं. तिनं लुगडंही वर खोचलं नाही.

सासू अंगणात बाजरी पाखडत होती. आम्हाला बघून तिचं सूप थांबलं. अक्कानं बिल्ले सुपात टाकले.

"कासारीण भेटली," एवढंच ती म्हणाली.

सासूनं तो तारा बाजरीतून वेचून हातात घेतला. मग बोलायला लागली. पलटणीत भरती होताना लेकाचं लग्न झालेलं नव्हतं, वारस म्हणून त्यानं आईचं नाव घातलेलं. म्हणून बिल्ल्यांचं पुडकं तिच्या नावानं आलं. अक्का आणि धाकटा लेक शेतात होते. "पोष्टमन म्हनला, म्हातारे, ज्येचं त्येला द्याया माणूस ऱ्हायला न्हाई, म्हून तुझ्या नावानं धाडलंय. म्या ते नदीत टाकाया गेले. हात उचलंना. घरात ठेवावं तर झोप येईना. मग म्हनलं, त्येच्या नावाचं हाय, त्येच्या बायकूच्याच हातात पडू दे." ती अक्काकडं बघत होती, तिच्या कपाळाकडं. "तुझं कुंकू बघितलं की मला वाटायचं, हाय माझा लेक. तू कुंकू पुसलं असतंस तर तो गेलाच असता की गं."

मला तिचा राग आला होता, गळा धरावा असा. आणि त्याच क्षणी तिची दयाही आली. दोन्ही एकदम होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

अक्कानं एकच विचारलं. "माझा भाऊ आला हुता, तवा हे पुडकं आल्यालं हुतं?"

सासू सुपातली बाजरी सारखी करायला लागली.

"सांगा. आल्यालं हुतं?"

"व्हय."

अक्का उंबऱ्याशी गेली. दोन्ही हात तिनं दगडावर आपटले. बांगड्या एका झटक्यात फुटल्या, मनगटातून रक्त आलं. मग तिनं ओल्या पदरानं कपाळ पुसलं, पुन्हा पुन्हा, कातडी लाल होईस्तोवर. तेव्हा कुठं सासूनं हंबरडा फोडला. लेकाचं नाव घेऊन, मेलेल्या माणसासाठी रडतात तशी ती रडली आणि रडत रडत अंगणातल्या काचा वेचून पदरात घेऊ लागली. शेजारच्या बाया धावत आल्या. त्यांना कळेना की आज मेलं कोण.

माझ्या नवऱ्यानं अक्काच्या भावाला बोलावणं धाडलं. तो आला, बहिणीला उराशी धरलं, पण न्यायचं कुठं? बिजवरानं केव्हाच दुसरी केली होती, तिला मुलं झाली होती. अक्का म्हणाली, "मी हितंच बरी हाय." ती शेवटपर्यंत आमच्याच घरी राहिली. ती आणि सासू एकाच ओळीत खुरपायच्या, एकाच ताटलीतलं मीठ घ्यायच्या, पण अक्का सासूशी पुन्हा बोलली नाही.

प्रश्न राहिला श्राद्धाचा. माणूस कधी गेला, कुणालाच माहीत नव्हतं. तिथी माहीत नसेल तर सर्वपित्रीला घालतात, भटजीनंही तेच सांगितलं. अक्का ऐकेना. तिच्या लेखी नवरा गेल्याचा दिवस एकच होता, चुडा भरला तो. म्हणून दर संक्रांतीला वाडीतल्या बाया हिरव्या बांगड्या भरून, सुगडं घेऊन देवळाकडं निघायच्या, तेव्हा अक्का घरात एकटी चुलीपुढं बसून पान वाढायची, ते कावळ्यासाठी अंगणात मांडायची आणि ताटाशेजारी ते दोन बिल्ले ठेवायची. सासू जिवंत होती तोवर तिनं दर संक्रांतीला त्या ताटाकडं पाठ करून अंगणात बसून घेतलं. कावळा शिवला का, एवढंच ती मला विचारायची.