गॅरंटीड म्हणजे कोणाची गॅरंटी

मी पाया लेबार भागातल्या एका ऑफिसात विम्याचं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. ‘गॅरंटीड’ हा शब्द दिसला की आधी खालचा बारीक मजकूर वाचायची सवय लागली आहे. त्यामुळे बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये चहा पिता पिता नवऱ्याच्या तोंडून तो शब्द आला, तेव्हाच माझे कान टवकारले.

तो स्प्रेड बेटिंग करू लागला होता. म्हणजे शेअर विकत घ्यायचे नाहीत. बाजाराचा निर्देशांक वर जाईल की खाली, यावर पैज लावायची. निर्देशांक जितका उलटा जाईल तितका तोटा वाढत जातो.

“पण मी गॅरंटीड स्टॉप लावलाय,” तो म्हणाला. “मी ठरवलेल्या आकड्यालाच सौदा बंद होणार. तोटा त्याच्या पुढे जाणार नाही.”

“साध्या स्टॉपने होत नाही?”

“होतो की बंद. पण बाजार एकदम घसरला तर मधला आकडा मिळतच नाही. जिथे मिळेल तिथे बंद होतो.”

“मग ही जोखीम कंपनी स्वतःवर का घेते?”

“फुकट नाही घेत. स्टॉप लागला तर जादा फी कापते.”

उत्तर इतकं सरळ होतं की मला ते पटेना. मी कंपनीच्या सगळ्या अटी वाचून काढल्या. कुठेतरी पळवाट असणारच, असं धरूनच वाचत होते. शेवटी चॅटवर विचारलं, शुक्रवारी बाजार बंद झाला आणि सोमवारी खूप खाली उघडला तर? उत्तर आलं, तुम्ही ठरवलेल्या आकड्यालाच. मी स्क्रीनशॉट काढून ठेवला.

“माझ्यापेक्षा त्यांच्याशीच जास्त बोलतेस,” नवरा म्हणाला.

काही आठवड्यांनी तसंच झालं. शनिवारी-रविवारी वाईट बातम्या आल्या आणि सोमवारी सकाळी बाजार कितीतरी खाली उघडला. मी त्याचा फोन मागून घेतला. सौदा बरोबर ठरलेल्या आकड्याला बंद झाला होता, फीही सांगितली तेवढीच कापली होती. खोट काढायला जागा नव्हती. खरं सांगायचं तर मी थोडी हिरमुसलेच.

तो फोन परत घ्यायला लागला, जरा घाईनेच.

“थांब. खाली हा दुसरा कुठला?”

तोच निर्देशांक, पण साधा स्टॉप. सौदा ठरलेल्या आकड्याच्या खूप खाली बंद झाला होता.

“शुक्रवारी घेतला,” तो म्हणाला. “फी वाचेल म्हटलं. पहिल्याला गॅरंटी होती, त्यामुळे धीर आला.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू अटी वाचत बसली असतीस.”

इतके दिवस मी कंपनीचं एकेक वाक्य उलटंपालटं करून पाहत होते. समोर बसलेल्या माणसाला मात्र काहीच विचारलं नव्हतं. ऑफिसला जायला आम्ही एलआरटीच्या, म्हणजे इथल्या छोट्या लोकल रेल्वेच्या, स्टेशनपर्यंत चालत गेलो. प्लॅटफॉर्मवर तो म्हणाला, “खातं बंद करतो.”

“माझ्यासाठी नको करूस.”

“तुझ्यासाठी नाही. तो सौदा घेताना मी बाथरूमचं दार लावून घेतलं होतं.”

त्याच आठवड्यात खातं बंद झाल्याचा ईमेल त्याने मला दाखवला. मी आधी पाठवणाऱ्याचा पत्ता तपासला. तो बघत होता.