कॅरिअरवरची जागा

आईला सायकल येत नव्हती आणि बाबांना सायकलशिवाय दुसरं काही येत नव्हतं, असं आईच म्हणायची. संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले की दोघं नारायण पेठेतून सारसबागेत निघत, डबलसीट. बाबा पेडल मारायला लागत, आई चार पावलं पळून मागच्या कॅरिअरवर एका बाजूला बसे. ती बसली हे चाकालासुद्धा कळे, तरी बाबा मान जराशी वळवून विचारत, "बसलीस का?" ती म्हणे, "हो, निघा." तोवर सायकल गल्लीच्या टोकाला पोचलेली असे.

आई गेली आणि बाबांनी सायकल जिन्याखाली लावली ती लावलीच. मी हिंजवडीला नोकरी करत होते. कंपनीची बस सकाळी घेऊन जाई, ती अंधार पडल्यावरच आणून सोडी. बाबा निवृत्त झालेले, दिवसभर खुर्चीत. सायकलचा विषय काढला की म्हणत, "रस्ते कुठे राहिलेत आता?" ते खोटं नव्हतं, म्हणून मला पटलं. पुढे कंपनीनं मला हॉलंडला पाठवलं, तेव्हा मी त्यांना हट्टानं बोलावून घेतलं. मला एकच हवं होतं, त्यांनी पुन्हा सायकलवर बसावं. नाहीतर हा माणूस त्या खुर्चीतच संपेल, अशी भीती मला वाटत होती.

तिथे सायकलला वेगळा रस्ता, वेगळा सिग्नल. बाबांनी आधी खिडकीतून नीट पाहून घेतलं. "रस्ता रिकामा आहे तरी थांबतात," ते म्हणाले. "कामधंदे नाहीत वाटतं कोणाला." एका सकाळी मी शेजाऱ्यांकडून सायकल मागून आणली. बाबांनी टायर दाबून पाहिले, सीट खाली घेतली आणि बसले. मला भरून आलं. त्यांना दिसू नये म्हणून मी पुढे झाले.

मग आम्ही रोज बागा आणि पुतळे पाहत हिंडू लागलो. कुठे कालव्याच्या काठी तांबडी लोखंडी कमान, कुठे हिरवळीवर नुसताच एक प्रचंड दगडी हात. बाबा प्रत्येकाभोवती चक्कर मारून पाटी शोधत.

"कोणाचा, कशासाठी, कोणाच्या हस्ते, काही पत्ता नाही. मग बसवला कशाला?"

"बघायला, बाबा."

"हं. हार घालायला गळासुद्धा नाही."

एका बागेत बाकावर ब्राँझची बाई बसली होती. मांडीवर पिशवी, नजर रस्त्याकडे. शेजारी कोणीही बसावं म्हणून मुद्दाम जागा सोडलेली. मुलं तिच्या खांद्याला लोंबकळत होती. बाबा मात्र बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला अंग चोरून बसले, परक्या बाईशेजारी बसावं तसे. मला हसू आवरेना. ते बराच वेळ तिच्याकडे न बघता बसून राहिले. मग तिच्या पिशवीवर पडलेलं वाळकं पान त्यांनी हळूच उचलून बाजूला ठेवलं.

निघताना मी माझ्या सायकलवर बसले. बाबांनी पेडलवर पाय ठेवला, मान जराशी मागे वळवली आणि म्हणाले, "बसलीस का?"

मी तर त्यांच्या शेजारीच होते. प्रश्न मला नव्हता. त्यांच्याही ते लक्षात आलं. ते खाली उतरले आणि सायकल हातात धरून चालू लागले.

"बाबा, काय झालं?"

"रस्त्यांचं काही नव्हतं गं," ते म्हणाले. "मागे हलकं लागतं. तशी चालवायची सवयच नाही मला."

इतके दिवस मी रस्त्यांनाच दोष देत होते. मी माझी सायकल बागेच्या कठड्याला कुलूप लावून ठेवली आणि म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते सायकलवर बसले. सायकल निघाली, हँडल थोडं डगमगलं. मी चार पावलं पळाले आणि कॅरिअरवर एका बाजूला बसले.

"बसलीस का?"

"हो, निघा."

"तुझी आई अलगद बसायची," बाबा म्हणाले. "तू आदळलीस."

बोलताना त्यांचे पाय थांबले नाहीत. पुढच्या चौकात घर डावीकडे होतं. बाबा उजवीकडे वळले.