राजासॉरसला गणपतीचे डोळे

फायबरची धूळ आणि किस्से, दोन्ही अंगाला चिकटतात. कितीही घासून आंघोळ करा, कॉलरमध्ये थोडे उरतातच! अंबडला आमचा मूर्तींचा कारखाना आहे. पूर्वी फक्त गणपती व्हायचे, आता वर्षातले बरेचसे दिवस डायनोसॉर. रिसॉर्ट असो, गार्डन असो, दारात एक पाहिजेच. तोही सगळ्यांना तोच, सिनेमातला. मालकांशी, म्हणजे तात्यांशी, भांडून भांडून मी त्यांना अनोळखी जनावरं करायला लावली. इंजिनिअरिंग सेकंड इयरला सोडलं मी, वाचायचं नाही सोडलं.

कारखान्याचा नियम एकच. माती कोणीही मळो, साचा कोणीही काढो, डोळे तात्याच रंगवणार. डोळ्यांचा ब्रश ज्याच्या हातात तो उस्ताद. आता तात्यांना मोतीबिंदू झाला होता, म्हणजे ब्रश कोणाला तरी द्यावाच लागणार. मला तो हवा होता. आणि माझ्याशिवाय होतंच कोण?

मग सायमा आली.

*

पण आधी राजासॉरस. नर्मदेकाठी सापडलेला, कपाळावर बुटकं शिंग, पक्का मांसाहारी. मी जबडा असा केला होता की झाडूवाल्या मावशी त्याच्याकडे पाठ करून झाडायच्या. त्यावर तात्यांनी डोळे रंगवले. आयुष्यभर गणपती केलेला हात! लांबट, पाणीदार, मायेने भरलेले डोळे.

गिऱ्हाईकाने मूर्तीभोवती एक फेरी मारली. "तात्या, हा खाणार की प्रसाद देणार?"

"समोरचा कसा वागतो त्यावर आहे," तात्या म्हणाले.

म्हाताऱ्यांचं बरं असतं. चुकले तरी त्याला 'आमची पद्धत' म्हणायचं!

*

निक्टोसॉरस म्हणजे उडणारा. डोक्यावर टीव्हीच्या जुन्या अँटेनासारखा तुरा. तात्यांनी पाटीवर 'उडता डायनोसॉर' लिहिलं.

"तात्या, हे उडणारे म्हणजे टेरोसॉर, त्यांचा गट वेगळा. डायनोसॉर नाही तो."

"कॉलेज सोडलंस ना तू?"

"हो."

"मग कॉलेज इथे कशाला घेऊन आलास?"

पाटी तशीच गेली.

*

आता सायमा. मालेगावची. वडिलांचे पॉवरलूम. कामाला आली त्या दिवशी मी मासियाकासॉरसला भिडलो होतो. ह्याचे पुढचे दात सरळ बाहेर येतात, मळ्यातल्या कुंपणाच्या तारा वाकल्यासारखे. आठवडाभर एकेक दात घासत होतो. बाईंनी येऊन विचारलं, "मी हात लावू?" उत्तराची वाट कोण बघतंय! हिरडीवर गुलाबी, दातांच्या मुळाशी पिवळट, वर वार्निशचा एक थेंब. दात ओले झाले. खरंच ओले! बघणाऱ्याने स्वतःचे ओठ पुसावेत असे.

तात्या चष्मा वर करून जवळ गेले. "बेटा, कोणी शिकवलं?"

"कोणी नाही, तात्या. घरात दिवसभर रंगीत सूतच बघायचे."

तात्या माझ्याकडे वळले. मला वाटलं, दात कोणी केले ते सांगतायत.

"अरे ए, हिला चहा आण."

आणला. माझ्या हातचा चहा पिऊन म्हणते, "साखर कम आहे."

*

तिला एकाही जनावराचं नाव माहीत नव्हतं. टॅनिस्ट्रोफियसला ती 'लंबू' म्हणायची आणि सगळा कारखाना तिच्या मागोमाग लंबू म्हणायला लागला. मी महिनाभर शिकवलेलं नाव गेलं कचऱ्यात.

लंबूची मान धडाच्या तिप्पट. न्यायला टेम्पो आला तो पिंपळगावचा, एरवी द्राक्षांचे क्रेट नेणारा. मान मागून रस्त्यावर लोंबत होती, नाकाला लाल फडकं बांधलेलं. हायवेवर पोलिसांनी अडवलं.

"काय आहे हे?"

"सरडा हाय, साहेब," ड्रायव्हर म्हणाला.

"एवढा?"

"लय जुना हाय ना."

पोलिसांनी सोडलं! मी शेजारीच बसलो होतो, शास्त्रीय नाव तोंडात घेऊन. कोणी विचारलंच नाही.

*

मग फायटोसॉर झाला. मगरीसारखा, पण नाकपुड्या थोबाडाच्या टोकाला नाहीत, वर डोळ्यांपाशी. तात्यांनी ब्रश घेतला, श्वास रोखला आणि नाकपुडीत डोळा रंगवला. सुंदर रंगवला!

सगळे आपापल्या साच्यांकडे वळले. सायमासुद्धा जमिनीकडे बघत होती. बोलायचं मलाच होतं.

"तात्या, नाकात डोळा काढलाय तुम्ही. डॉक्टरकडे जा आता."

"वासाने बघेल," तात्या म्हणाले. कोणी हसलं नाही. त्यांनी ब्रश धुतला, खिशात ठेवला. "ऑपरेशन करून घेतो. पुढच्या मूर्तीला डोळे तुमच्यापैकी एक जण काढेल."

तुमच्यापैकी! मी तिच्या आधीपासून आहे इथे!

*

पुढची मूर्ती बारापासॉरसची. आपल्याच गोदावरीच्या खोऱ्यातला, पार खाली तेलंगणाकडे सापडलेला शाकाहारी. पाय सापडले, मणके सापडले, दात सापडले, कवटी नाही. डोकं अंदाजानेच करायचं. ते मी केलं.

तात्या डोळ्यावर पट्टी लावून आले. खिशातून ब्रश काढला. दोघांकडे पाहिलं.

"याचे डोळे दोन बाजूंना आहेत ना? दोन्ही एकदम दिसत नाहीत?"

"नाही दिसत," मी म्हणालो.

"मग उजवा सायमाचा, डावा तुझा. लोकांना आवडेल त्याचा ब्रश."

आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. मी शिडीवरून उतरलो की ती चढायची. शेवटी मी पलीकडे जाऊन तिचा डोळा पाहिला. काय सांगू! त्या जनावराने नुकतंच पाणी पिऊन मान वर केली होती, आणि त्याला मी दिसलो होतो.

मी तिथून निघून बाहेर जाऊन बसलो.

इगतपुरीकडच्या रिसॉर्टवर तिघेही गेलो. क्रेनवर बारापासॉरस लटकतोय, आणि रिसॉर्टचे मालक म्हणतात, "कंपाउंडच्या भिंतीला चिकटवायचा आहे. एकच बाजू दिसेल. चांगली कुठली?"

सायमा लगेच म्हणाली, "डावी. त्याची."

इथेही ती पुढे! माझ्या तोंडून ओरडाच निघाला, "उजवी! उजवी ठेवा!"

"डावी!"

"उजवी म्हणतोय ना मी!"

मालक वैतागले. "अहो तात्या, ही पोरं आपापलं काम पुढे करतायत. तुम्हीच सांगा."

तात्या काळा गॉगल लावून खुर्चीत बसले होते. गॉगल काढला, पुन्हा लावला.

"मालक," ते म्हणाले, "भिंत पाडा."